साठ नंबरची वाट

समजा, तुम्ही एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरातल्या छोट्याशा खोलीत उभे आहात. समोर लोखंडी कपाट आहे. कपाटात एक चपटी काळी पेटी, पेटीला अठ्ठेचाळीस भोकं आणि जवळजवळ प्रत्येक भोकात एक निळी केबल. सगळ्या केबली दिसायला सारख्या. सातव्या भोकातली केबल भिंतीतून वर चढत दुसऱ्या मजल्यावर जाते, काचेच्या पेटीत ठेवलेल्या एका इवल्याशा बाळाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रापर्यंत. आठव्या भोकातली जाते बाहेरच्या बाकांकडे, जिथे पेशंटचे नातेवाईक मोबाईलवर सिनेमे बघत बसलेले असतात. तुम्हाला काम दिलंय ते असं की, आठव्या भोकातल्याला सातव्या भोकात कोणी आहे हेसुद्धा कळता कामा नये. दुसरी पेटी मिळणार नाही. केबल हलवायची नाही. आणि तुमच्या पाठीमागे वॉर्डमावशी बादली घेऊन उभी आहे आणि विचारते आहे, "अजून किती वेळ? मला फरशी पुसायचीय."

काय कराल?

माझी आत्या हे काम चहा निवायच्या आत करायची. ती त्या काळ्या पेटीला, म्हणजे स्विचला, लॅपटॉप जोडायची आणि भोकांना नंबर वाटून टाकायची. सातव्याला वीस, आठव्याला चाळीस. त्यानंतर सातव्या भोकातून आत आलेल्या प्रत्येक निरोपावर विसाचा शिक्का, आणि स्विच तो निरोप फक्त वीस नंबरवाल्यांनाच दाखवणार. चाळीसवाल्यांच्या लेखी वीसवाले जगात नाहीतच. पेटी एकच, पण आत चार-पाच वेगवेगळ्या पेट्या असल्यासारखा कारभार. पुस्तकात या प्रकाराला भारदस्त नाव आहे. कामावर सगळे व्हीलॅन म्हणतात.

मी कॉलेजात हे शिकायला लागले तेव्हा आत्याने मला आमच्या स्वयंपाकघरात समजावलं होतं. "एका घरात राहणाऱ्या दोन जावा असतात ना, एकच दार, एकच नळ, एकच जिना, पण वर्षानुवर्षं एकमेकींशी अवाक्षर नाही. तसं. फरक एवढाच की, इथे ते मुद्दाम करायचं आणि त्यात सगळ्यांचं भलं असतं."

माझी आई भांडी घासता घासता म्हणाली, "कोणाबद्दल बोलताय, वन्सं?"

"स्विचबद्दल गं," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

आत्या दवाखान्यात लागली ती एकोणिसाव्या वर्षी, टेलिफोन ऑपरेटर म्हणून. तेव्हा दवाखान्याची जुनी इमारतच काय ती होती आणि तिच्या जिन्याखाली एक लाकडी बोर्ड होता. दोऱ्या ओढायच्या, भोकात खुपसायच्या, याला त्याच्याशी जोडून द्यायचं. दिवसाला चारशे-पाचशे जोडण्या. कोणता डॉक्टर आहे हे तिला त्याच्या खाकरण्यावरून कळायचं. तिच्या डाव्या कानाच्या वर केसांमध्ये एक आडवी खाच आहे, कानाला लावायच्या त्या यंत्राच्या पट्टीची. आतोबा म्हणतात, लग्नात तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या त्या त्या खाचेत अडकून बसल्या होत्या. आतोबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि दिवसभर गप्प बसावं लागत असल्यामुळे घरी आल्यावर काहीही बोलतात.

बोर्डवर एक नियम होता. समोरच्याने नंबर सांगितला की तो मोठ्याने परत म्हणायचा, आणि समोरचा हो म्हणाला की मगच दोरी खुपसायची. बावीस वर्षं तिने हा नियम पाळला. मग एके दिवशी बोर्ड काढून नेला. त्या जागी एक कुंडी ठेवली आणि आत्याला जुन्या केसपेपरांच्या खोलीत जायला सांगितलं.

ती गेली नाही. ती गेली कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांकडे. हे साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण खुर्चीला मान म्हणून ती त्यांना साहेबच म्हणते.

"मला तारा कळतात," ती म्हणाली. "तुमच्या तारा नवीन असतील. पण या टोकाला माणूस आणि त्या टोकालाही माणूसच ना?"

"बाई, हल्ली त्या टोकाला बहुतेक प्रिंटर असतो," साहेब म्हणाले. तरी त्यांनी घेतलं तिला. केबल टाकणाऱ्यांवर देखरेख करायला म्हणून घेतलं, आणि तीन वर्षांत ती स्विच चालवायला लागली. परीक्षा दिली, नापास झाली, परत दिली. माझे बाबा म्हणजे तिचा मोठा भाऊ. त्यांनी निकालाच्या दिवशी विचारलं, "काय गं, आता तुला वायरमन म्हणायचं की वायरबाई?" ती म्हणाली, "दादा, तू आधी घरातली बेल दुरुस्त कर, मग बोल." ती बेल शेवटी तिनेच दुरुस्त केली.

तिच्या कामाच्या दोन पद्धती होत्या आणि दोन्हींवरून तिची भरपूर थट्टा व्हायची. पहिली म्हणजे नवीन नंबर टाकायचा असला की ती आधी त्याची वाट पायाने चालून बघायची. या खोलीतून निघाला, या स्विचमधून गेला, जिना चढला, त्या इमारतीत शिरला. स्क्रीनवर सगळा नकाशा असताना ती गुडघे धरत जिने चढायची. दुसरी पद्धत बोर्डावरून आलेली. कमांड टाइप केली की एंटर दाबण्याआधी ती मोठ्याने वाचायची, आणि तीसुद्धा कोणाला तरी ऐकवून. साहेब असले तर साहेब, नाहीतर वॉचमन, नाहीतर फरशी पुसणारी मावशी.

"मावशी, बारा नंबरच्या भोकाला आता तीस नंबर देते आहे, म्हणजे तिथे फोन चालेल. देऊ?"

"द्या बाई," मावशी म्हणायची. "माझं काय जातंय."

"मावशीला काय कळतंय त्यातलं?" एकदा साहेबांनी विचारलं.

"तिला कळायची गरज नाही. मला माझंच ऐकू आलं पाहिजे."

आता त्या बाईची गोष्ट, जिच्यासाठी आत्याने साठ नंबर टाकला.

ती बसमध्ये कंडक्टर होती. सातव्या महिन्यात एकाएकी त्रास सुरू झाला, ऑपरेशन करून बाळ बाहेर काढावं लागलं. मुलगा झाला. बाळाला नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं आणि आईला जुन्या इमारतीत तळमजल्यावर. दोन दिवसांनी आईला जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि तिला एकटीला वेगळ्या खोलीत हलवलं. बाळाजवळ जायचं नाही, जवळच काय, त्या मजल्यावरही नाही. अशक्तपणा असा की, चार पावलं चालली तरी घेरी. नवरा दिवसातून एकदा यायचा, वर जाऊन मोबाईलवर बाळाचा फोटो काढायचा आणि खाली आणून काचेपलीकडून दाखवायचा.

पाचव्या दिवशी आत्या त्या वॉर्डातला बिघडलेला फोन बघायला गेली. मास्क लावून, अंगावर तो कागदी झगा घालून ती खोलीत शिरली, कारण फोनची तार त्या खोलीतूनच पुढे गेली होती. पलंगावरची बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाजूला जेवणाचं ताट तसंच झाकलेलं.

"तुम्ही डॉक्टर नाही ना?" बाई तशीच पडून म्हणाली.

"नाही. मी तारांचं बघते."

"मग खरं सांगा. तो गेलाय ना?"

आत्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. बाईने उशीखालून नवऱ्याने दिलेला, व्हिडिओ न चालणारा जुना मोबाईल काढला आणि त्यावर त्याने पाठवलेले पाच फोटो एकापाठोपाठ दाखवले. "बघा. पाचही दिवस सारखाच. तीच टोपी, तीच नळी, हात तिथेच. हे सगळे एकाच दिवशी काढलेत. मला बरं वाटेपर्यंत सांगायचं नाही असं ठरलंय यांचं. मी रोज आठ तास माणसांची तोंडं बघते. कोण खोटं बोलतंय ते कळतं मला."

आत्या तशीच वर गेली. पेटीच्या काचेतून बघितलं. खाली आली, पुन्हा नवा झगा घातला.

"आहे तो. आत्ता पाय हलवत होता. उजवा."

"सगळे हेच सांगतात," बाई म्हणाली आणि परत भिंतीकडे वळली. "माझं ताट न्यायला सांगा तेवढं."

बाहेर टेबलापाशी सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की, दोन दिवस तिच्या पोटात धड काही नाही, आणि हे असंच चाललं तर औषधं किती लागू पडतील देव जाणे. "आम्ही पण सांगून थकलो हो. तिला डोळ्यांनी बघायचंय. आणि तेच नेमकं होण्यासारखं नाही."

त्या रात्री आत्या आमच्याकडे जेवायला होती आणि जेवणभर बोटाने ताटाच्या कडेला रेघा ओढत बसली. आतोबा म्हणाले, "काय झालं, नेटवर्क गेलं का?" तरी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या बाईंच्या दारात उभी राहिली. मोठ्या बाई म्हणजे नवजात विभागाच्या मुख्य डॉक्टर. त्यांचा दरारा असा की, त्यांच्या मजल्यावर लिफ्टसुद्धा हळू थांबते असं वॉर्डबॉय म्हणत. आत्याने सांगितलं, बाळाच्या पेटीसमोर एक कॅमेरा लावते, आणि आईच्या पलंगाशी एक टॅबलेट. चित्र थेट दिसेल, हललेलं दिसेल.

"माझ्या यंत्रांच्या तारांना कोणी हात लावायचा नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "अकरा बाळं आहेत माझ्याकडे. एका आईसाठी अकरा यंत्रं पणाला लावू?"

"तुमची यंत्रं वीस नंबरवर आहेत. मी हे साठ नंबरवर टाकते. साठ नंबर दवाखान्यात कोणाचाच नाही. त्यात दोनच जण असतील, कॅमेरा आणि टॅबलेट. तुमच्या विसाला कळणारसुद्धा नाही की साठ आहे."

"नक्की?"

"माझी नोकरीच त्याची आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एक दिवस. कुठेही काही गडबड झाली, की कॅमेरा खाली. मग परत विचारायला येऊ नका."

कॅमेरा मिळाला गाड्या लावायच्या जागेवरून. चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्यावर वॉचमनला खोलीत बसून ओरडता यावं म्हणून त्या कॅमेऱ्यात स्पीकर पण होता, पण वॉचमन स्वतः धावत जाऊन ओरडायचा, त्यामुळे तो पडूनच होता. टॅबलेट हिशेबनिसांच्या कपाटातला, कोपऱ्यात तडकलेला. सिस्टरांनी दोन्ही वस्तू स्पिरिटने अशा पुसल्या की टॅबलेटवरचं कंपनीचं नाव अर्धं निघून गेलं.

मग आत्या वाट चालली. बाळाच्या पेटीपासून दुसऱ्या मजल्यावरचा स्विच. तिथून तळघरातला मुख्य स्विच. तळघरातून दोन इमारतींमधल्या बोळाखालून जाणारी एकच जाड तार. ही तार महत्त्वाची. जुन्या इमारतीतलं झाडून सगळं या एका तारेतून जातं: दहा नंबरवर कचेऱ्या, तीसवर फोन, चाळीसवर नातेवाईक, असे सगळे एकत्र, ज्याच्या त्याच्या शिक्क्यासकट. अशा तारेला ट्रंक म्हणतात. कोणते नंबर या तारेवरून जाऊ द्यायचे त्याची यादी मुख्य स्विचमध्ये लिहिलेली असते. यादीत नसलेला नंबर तारेच्या तोंडाशीच अडतो. नवजात विभागाचा वीस नंबर त्या यादीत मुद्दामच नव्हता, त्याला जुन्या इमारतीत कामच नव्हतं.

अकरा वाजेपर्यंत सगळं झालं. कॅमेऱ्याच्या भोकाला साठ, टॅबलेटच्या भोकाला साठ, मधल्या स्विचांना साठची ओळख. राहिलं होतं एकच काम, ट्रंकच्या यादीत साठ घालणं. खरं तर ते तळघरात बसून करायला हवं होतं. पण आत्या जुन्या इमारतीतच होती. तिने सिस्टरांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि तिथूनच त्या ट्रंकवरून तळघरातल्या मुख्य स्विचमध्ये शिरली. टेबलापासून बाईच्या खोलीचं दार पाच पावलांवर. दाराच्या काचेतून बाई दिसत होती. उशीला टेकून बसवलेली, मांडीवर काळा टॅबलेट.

"झालं का?" बाईने आतून विचारलं.

"होतंय."

सिस्टर औषधं काढत होत्या. मावशी नुकतीच दुसऱ्या मजल्यावर गेली होती. आत्याने कमांड टाइप केली.

"झालं का हो?"

"एक मिनिट."

यादीत नंबर घालायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे, असलेल्या यादीत हा नंबर वाढव. दुसरी म्हणजे, जुनी पुसून ही घे यादी. दोन्ही कमांड जवळजवळ सारख्या दिसतात. आमच्या धंद्यात ही चूक न केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि केलेला माणूस ती दुसऱ्यांदा करत नाही. मोठ्याने वाचली असती तर आत्याच्या कानाला ती लगेच खुपली असती.

"नाहीये ना तो?" बाई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, काही मागणं नसलेला. "राहू दे, ताई. तुम्ही खूप केलंत."

आत्याने एंटर दाबला.

मुख्य स्विचला सांगितलं गेलं, ही घे यादी. यादीत एकच नंबर, साठ. अर्धा दवाखाना ज्या तारेवर चालत होता तिच्यावरून दहा गेले, तीस गेले, चाळीस गेले, आणि आत्याचा स्वतःचा लॅपटॉप ज्या नव्याण्णव नंबरवर होता तोही गेला. उरलं एक बाळ.

आणि बाईच्या मांडीवर चित्र आलं.

आत्याला दोन्ही एकदम कळलं. लॅपटॉपवरची अक्षरं थिजली होती, आणि दाराच्या काचेतून दिसत होतं की बाई टॅबलेटवर पार वाकली आहे.

"फोन बंद पडला वाटतं," सिस्टर म्हणाल्या. कॉरिडॉरच्या टोकाकडून कोणीतरी ओरडलं, "कॉम्प्युटर गेला का तुमचा पण?"

"हलला," बाई आतून म्हणाली. मग परत, कोणाला उद्देशून नाही, "हलला. तोंड केलं असं. जांभई दिली."

आत्या सांगते की, तिला तिथे उभं राहून ते बघायचं होतं. आयुष्यात एवढं कशासाठी थांबावंसं वाटलं नव्हतं. पण आता लॅपटॉपवरून दुरुस्ती होणार नव्हती, कारण ज्या फांदीवर बसली होती तीच तिने कापली होती. तळघरात जाऊन स्विचला हाताने तार जोडावी लागणार होती. किल्ली तिच्याच कमरेला, साहेब गावाला.

"सिस्टर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "दहा मिनिटं द्या. कोणाला काही तातडीचं लागलं तर मोबाईल वापरा."

"अहो, धावू नका, पडाल," सिस्टर म्हणाल्या, तोवर ती बोळापर्यंत पोचली होती. पंचावन्न वर्षांची बाई, काखेत लॅपटॉप, गळ्यात केबल, अंगावर फडफडणारा कागदी झगा. बोळात तिला समोरून मावशी येताना दिसली.

"काय झालं बाई?"

"चल माझ्याबरोबर. ऐकायला."

मावशी बादली तिथेच ठेवून निघाली. तळघरात आत्याने तार जोडली, कोणाला कोणता नंबर दिलाय ते लिहून ठेवलेलं रजिस्टर उघडलं आणि टाइप केलं. मग वाचलं. "मावशी, यादीत दहा वाढवते आहे, तीस वाढवते आहे, चाळीस, नव्याण्णव. साठ आहे तसाच राहतोय. वाढवते आहे, बदलत नाहीये. करू?"

"करा," मावशी म्हणाली. "आणि पाणी प्या."

एकूण नऊ मिनिटं. खाटांजवळची यंत्रं आपापल्या जागी चालतात, त्यामुळे कोणा पेशंटला धक्का लागला नाही, पण बाहेर केसपेपरच्या खिडकीशी मोठी रांग लागली आणि एका गृहस्थांनी वॉचमनशी भांडण उकरून काढलं. फोन आले, कॉम्प्युटर आले. दोन वाजता रक्त तपासणारे काका जिना उतरून आले आणि शांतपणे म्हणाले, "सगळ्यांचं सुरू झालं म्हणे. आमच्यावरच काही राग आहे का?" प्रयोगशाळेचा पन्नास नंबर आत्याने रजिस्टरात कधी लिहिलाच नव्हता.

सिस्टर आणि मावशी सोडल्या तर कोणाला काहीच कळलं नसतं. वीज गेली, तार सैल झाली, काहीही सांगता आलं असतं आणि दवाखान्यातल्या कोणीही मान डोलावली असती. आत्या मोठ्या बाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. कमांडसुद्धा कागदावर लिहून दाखवली.

"म्हणजे गडबड झाली," मोठ्या बाई म्हणाल्या.

"झाली."

"आपलं काय ठरलं होतं?"

"कॅमेरा खाली." आत्या म्हणाली. "काढते. फक्त तिला आधी मी जाऊन सांगते. एकदम चित्र गेलं तर ती भलतंच समजेल."

मोठ्या बाईंनी समोरच्या पडद्यावर अकराही यंत्रांची सकाळपासूनची नोंद काढली. एकेक ओळ बघत खाली गेल्या. त्यात बराच वेळ गेला.

"यात कुठे खंड दिसत नाही."

"तुमचा वीस नंबर त्या तारेवरून जातच नाही."

"म्हणजे अख्खी जुनी इमारत बंद, आणि माझी यंत्रं आणि हा तुमचा कॅमेरा तेवढे चालू."

"हो."

"तिने जेवण घेतलं?"

"बारा वाजता. सिस्टर म्हणाल्या, एका हाताने जेवली. दुसऱ्या हातात टॅबलेट होता."

"मग कशाला काढता?" मोठ्या बाई म्हणाल्या आणि फाईल ओढली. "चूक तुमच्या हाताची आहे, कॅमेऱ्याने काय केलंय? महिनाभर मात्र त्या जाड तारेला एकटीने हात लावायचा नाही. आणि ते मोठ्याने वाचायचं तुमचं जे काही आहे, त्यावर इथे सगळे हसतात ना? हसू दे."

तिसऱ्या दिवशी बाईने आत्याला बोलावून घेतलं. ताप उतरत होता, पण अजून आठवडाभर वर जाता येणार नव्हतं. चित्रात बाळ रडत होतं. त्याचा आवाज येत नव्हता, नुसतं तोंड उघडलेलं.

"ताई, चित्र इकडे येतं. इकडून तिकडे काही जात नाही का?"

आत्याला तो गाड्यांवर ओरडायचा स्पीकर आठवला. मोठ्या बाईंना विचारून झालं. वरच्या सिस्टरांनी त्याचा आवाज अगदी तळाला नेऊन ठेवला, पेटीपाशी कान नेला तरच ऐकू येईल इतका. आत्या वर पेटीजवळ उभी राहिली, यंत्रावरचा आकडा दिसेल अशी. बाळ अजून रडत होतं. ठोके एकशे अठ्ठ्याहत्तर.

स्पीकरमधून आधी नुसता श्वास आला. खाली टॅबलेट तोंडाशी धरून बसलेल्या बाईला काय बोलावं ते सुचत नव्हतं. बाळाशी बोलायची तिला सवयच नव्हती. तिला बोलायची सवय होती ती एकाच तऱ्हेने. बऱ्याच वेळाने एक बारीक, पत्र्यासारखा आवाज आला.

"चला, पुढे चला. पुढे सरका. आत जागा आहे."

वरच्या सिस्टरांना हसू फुटलं. खाली बाई स्वतःही हसली असावी, कारण आवाज जरा हलला. मग तिने परत म्हटलं, जरा सावकाश, रिकाम्या होत चाललेल्या बसमध्ये म्हणावं तसं. "पुढे चला. आत जागा आहे, खूप जागा आहे."

एकशे सत्तर. एकशे एकसष्ट. बाळाचं तोंड मिटलं. एकशे बावन्न.

आई आणि मुलगा दोघंही धडधाकट घरी गेले. तो मुलगा आता पहिलीत आहे आणि वर्गात एका जागी बसत नाही अशी त्याच्या बाईंची तक्रार आहे. त्याची आई अजून बसवर आहे. आत्या कधी त्या बसमध्ये चढली तर ती आत्याला उभं राहू देत नाही, कोणाला तरी उठवतेच.

आत्या आता निवृत्त झाली आहे. मोठ्या बाईंना तिने तेव्हाच विचारलं होतं की, बाळ आवाजाने शांत झालं का. त्या म्हणाल्या, असेल. किंवा नुकतंच त्याला कुशीवर वळवलं होतं, त्यानेही असेल. एकदाच घडलेल्या गोष्टीवरून सांगता येत नाही. आत्याला ते पटतं, पण तिचं समाधान होत नाही. गेल्या महिन्यात तिने मला कामाला लावलं. तो कॅमेरा कोणता होता ते शोधून त्याच्या स्पीकरची माहिती काढायला सांगितली.

मी काढली. तो स्वस्तातला स्पीकर होता. आवाजातला खालचा, जाड, घुमणारा भाग त्याच्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाही, वरचा पातळ भाग तेवढा येतो. आणि पोटातल्या बाळाचं वाचलं तर ते नेमकं उलट. तिथे पातळ भाग पोचत नाही, घुमणारा भाग पोचतो. पोटात कान तयार झाल्यापासून त्या मुलाने आईचं "पुढे चला" रोज आठ-आठ तास ऐकलं असेल, पण ते त्या घुमणाऱ्या आवाजात, बसच्या इंजिनासकट.

मी दोन्ही आवाजांचे आलेख छापून नेले आणि आत्याला हे सांगितलं. ती खिडकीशी बसली होती. आतोबा शेजारी चष्मा पुसत होते. आत्याने कागद हातात घेतले आणि दोन्ही आलेख एकमेकांशेजारी धरले.

"म्हणजे त्याने आत जे ऐकलं होतं, त्यातलं माझ्या तारेतून काहीच गेलं नाही," ती म्हणाली. "मग त्याने ओळखलं ते काय?"